माळशेज ते मुंबई: गुंगीतून उठलेला बिबट्या

२००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर गावी एक नर बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याच्या माणसांनी त्याला वर काढला. जनावर वयाने पोक्त होते आणि एवढ्या गडबडीतही शांत राहिले. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांच्या गटात त्याचे नाव पडले 'आजोबा'. भूल देऊन त्याची मापे घेतली, अंगात मायक्रोचिप बसवली, गळ्यात जीपीएसचा पट्टा अडकवला आणि पकडल्या जागेपासून ५२ किलोमीटरवर, माळशेज घाटाच्या परिसरात त्याला सोडून दिले. घाटाखाली मुरबाड तालुका पसरलेला आणि त्याला लागून उत्तरेला शहापूर.

पुढे त्याने मुंबईपर्यंत जो प्रवास केला तो महाराष्ट्रात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सुजय डहाके यांनी २०१४ साली त्यावर 'आजोबा' हा चित्रपट काढला. त्या प्रवासाच्या आधी टोचलेल्या सुईबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. मुरबाड-शहापूरकडे बिबट्या विहिरीत पडला किंवा घरात शिरला की लोक एवढेच विचारतात, "गुंगीचं इंजेक्शन आणलं का?" इंजेक्शन आणले की प्रश्न सुटला, अशी आपली समजूत असते. जनावराच्या मेंदूवर चालणाऱ्या औषधांचा दोनशे वर्षांचा इतिहास त्या समजुतीच्या अगदी उलट सांगतो, म्हणून तो सांगावासा वाटतो.

गुंगी म्हटली की पहिली आठवते ती अफू, आणि अफूला हा मुलूख परका नाही. १८३१ नंतर कंपनी सरकारने माळव्याच्या व्यापाऱ्यांना जकात भरून, परवाना घेऊन अफूच्या पेट्या सरळ मुंबईला नेण्याची मुभा दिली. तिथून जहाजे चीनकडे जात. इंदूरहून मुंबईला येणारा आग्रा रस्ता नाशिकवरून थळ घाट उतरतो, कसाऱ्याला येतो आणि शहापूरवरून पुढे जातो. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी सुरू झाली आणि रस्त्यावरचा भार रुळांवर गेला. मुंबईच्या कित्येक मोठ्या घराण्यांची श्रीमंती या व्यापारातून उभी राहिली. ज्या गावांच्या दारावरून हा माल गेला त्यांना त्यातले काय मिळाले, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

अफू तेव्हा माणसांपुरती नव्हती. भूजच्या रेसिडेन्सीत सर्जन असलेल्या जेम्स बर्न्सने एका कच्छी स्वाराची हकीकत लिहून ठेवली आहे. रात्रभरात तीस मैलांवर मजल मारून झाली होती, घोडा थकला होता. स्वार थांबला, जवळची अफू काढली, निम्मी स्वतः खाल्ली, निम्मी घोड्याला दिली. थोड्याच वेळात दोघेही ताजेतवाने झाले आणि घोड्याने उरलेला पल्ला सहज पार केला. अफूने माणूस पेंगतो हे पाहणाऱ्याला ही गोष्ट थापेसारखी वाटेल. पण ती शास्त्राला धरून आहे. मॉर्फिनच्या जातीची औषधे पुरेशा मात्रेत दिली की घोडा झोपत नाही, तो अस्वस्थ होऊन चालत सुटतो. शर्यतीच्या घोड्यांना ही औषधे द्यायला जगभर बंदी आहे, त्याचे एक कारण हेच.

एकच औषध वेगवेगळ्या जनावरांत वेगवेगळी वागणूक उभी करते, ही या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत उशिरा समजलेली गोष्ट. फ्रीडरिख झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अफूतून मॉर्फिन वेगळे काढले आणि आधी कुत्र्यांवर आजमावले. कुत्रा मॉर्फिनने ओकतो, मग सुस्तावतो, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. माणसाच्या बाहुल्याही अशाच आकसतात. मांजराचे तसे नाही. मांजराच्या बाहुल्या विस्फारतात. मात्रा जास्त झाली तर ते झोपत नाही, घाबरून सैरभैर धावते, नसलेल्या वस्तूंवर झडप घालते. एकोणिसाव्या शतकातच वैद्यकांनी या अवस्थेला मांजरांचे मॉर्फिनवेड म्हणायला सुरुवात केली होती. आज पशुवैद्य अगदी हलक्या मात्रेत याच कुळातली औषधे मांजरांचे दुखणे शमवायला सर्रास वापरतात, त्यामुळे मांजराला ती चालतच नाहीत असे नव्हे. पण अख्खे जनावर आडवे करण्यासाठी जी जबर मात्रा लागते, ती मार्जारकुळाला मानवत नाही. बिबट्या मार्जारकुळातला. आजोबांच्या सुईत काय घालायचे नाही, हे असे आधीच ठरून गेले होते.

रानटी जनावर दुरून बेशुद्ध करायची विद्या मात्र अलीकडची. दाबलेल्या वायूवर सुई फेकणारी बंदूक १९५० च्या दशकात अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये तयार झाली. बंदूक आली, पण तिच्यात भरायला धड औषध नव्हते. सुरुवातीला निकोटीन वापरले, सक्सिनिलकोलीन वापरले. सक्सिनिलकोलीन स्नायू लुळे करते, शुद्ध मात्र हरपत नाही. जनावर पडलेले असते, हलू शकत नाही, आणि त्याला सगळे कळत असते, दुखतही असते. बाहेरून पाहणाऱ्याला ते शांत पडल्यासारखे दिसते. मला या सगळ्या इतिहासातला हा टप्पा सर्वांत क्रूर वाटतो.

यातून सुटका केली ती पुन्हा खसखशीच्या बोंडाने. अफूत मॉर्फिनखेरीज थिबेन नावाचे एक द्रव्य असते, स्वतः ते औषध म्हणून निरुपयोगी. एडिंबरोच्या मॅकफार्लन स्मिथ कंपनीत केनेथ बेंटली यांच्या गटाने १९६० च्या सुमारास त्यापासून एटॉर्फिन बनवले. संकेतनाव एम ९९. त्याची ओळख अपघाताने पटली असे सांगतात. प्रयोगशाळेतल्या माणसांनी सकाळचा चहा ज्या काचेच्या कांडीने ढवळला तिला हे द्रव्य लागलेले होते, आणि चहा पिणारे एकामागून एक बेशुद्ध पडले. मॉर्फिनच्या हजारपट किंवा त्याहूनही तीव्र असे हे औषध. म्हणजे हत्ती किंवा गेंड्याला पुरेल एवढी मात्रा एका छोट्या सुईत मावते. दुरून सुई फेकणाऱ्याला नेमके हेच हवे होते. पूर्व आफ्रिकेत काम करणारे पशुवैद्य टोनी हार्थूर्न यांनी १९६० च्या दशकात ते रानात वापरून दाखवले, आणि इयान प्लेयर यांच्या पुढाकाराने दक्षिण आफ्रिकेत पांढऱ्या गेंड्यांना वाचवण्याची जी मोहीम चालली तिला त्याची मोठी मदत झाली.

एटॉर्फिन दिलेला गेंडा लगेच कोसळत नाही. आधी त्याची चाल बदलते. पाय उंच उचलून, मान वर करून, आपल्याच तंद्रीत तो चालत राहतो, समोर माणूस असला तरी त्याला त्याचे काही वाटत नाही. मग बसतो. पकडणाऱ्यांनी या अवस्थेचाच उपयोग करून घेतला. बसलेल्या गेंड्याला त्या औषधाच्या उताऱ्याचा अगदी थोडा अंश टोचायचा, की तो अर्धवट उठतो आणि डोळ्यांवर फडके बांधलेल्या स्थितीत, दोरीच्या इशाऱ्यावर स्वतःच्या पायांनी पेटाऱ्यात शिरतो. दोन टन वजन उचलायला माणसे लागत नाहीत.

हा उतारा कुठून आला, तेही सांगायला हवे. युलियस पोल या औषधशास्त्रज्ञाला १९१५ सालीच दिसले होते की कोडीनच्या रेणूत एक छोटा बदल केला तर तयार होणारे द्रव्य मॉर्फिनने मंदावलेला श्वास पुन्हा चालू करते. पुढची कित्येक वर्षे त्याकडे कुणी लक्ष दिले नाही. १९६० च्या आसपास नालोक्झोन बनले, त्यानंतर थोड्याच वर्षांत नाल्ट्रेक्झोन; एटॉर्फिनसाठी डायप्रेनॉर्फिन हा खास उतारा तयार झाला. ही औषधे अफूच्या जातीच्या रेणूंची जागा अडवतात. कुलपात अशी किल्ली घालून ठेवायची की कुलूपही उघडत नाही आणि दुसरी किल्लीही आत जात नाही. जमिनीवर निपचित पडलेल्या रानगव्याला शिरेतून उतारा दिला की एक-दोन मिनिटांत तो उठतो आणि चालू लागतो. ज्यांनी हे पाहिले आहे ते सांगतात की इंजेक्शन देऊन मागे सरकायला जेमतेम वेळ मिळतो.

यातही एक फसगत आहे. उताऱ्याचा असर आधी ओसरला आणि मूळ औषध अंगात उरलेले असले, तर काही तासांनी जनावर पुन्हा गुंगते. कळपात परतलेले हरीण रात्री पुन्हा बसले, की ते वाघाचे किंवा रानकुत्र्यांचे. म्हणून लांब टिकणाऱ्या नाल्ट्रेक्झोनचा वापर वाढला. शिवाय एटॉर्फिनचा थेंब माणसाच्या जखमेत गेला तरी जीव जाऊ शकतो, त्यामुळे माणसासाठीचा उतारा हाताशी ठेवूनच पशुवैद्य ती कुपी उघडतो. भारतात १९८४ साली आसामचे गेंडे दुधव्यात नेले आणि जानेवारी २०११ मध्ये कान्ह्यातले १९ रानगवे बांधवगडला नेले, त्या दोन्ही वेळी हेच औषध कामी आले.

आता थोडे बाजूला जातो, पण विषय सोडून नाही. १९७३ साली कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिले की मेंदूत अफूची जागा आधीपासूनच असते. दोन वर्षांनी जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून शरीराची स्वतःची अफू शोधून काढली, तिला एनकेफॅलिन म्हणतात. मग उताऱ्याचा एक वेगळाच उपयोग सुरू झाला. बाहेरून अफू दिलेलीच नाही अशा जनावराला उतारा टोचायचा आणि वागणूक कशी बदलते ते पाहायचे. जी बदलेल ती त्याच्या आतल्या अफूवर चालत होती असे समजायचे. याक पँकसेप यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी कुत्र्याच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत आईपासून तोडलेले पिलू मॉर्फिनच्या अगदी किंचित मात्रेने रडायचे थांबले. ती मात्रा गुंगी आणणारी नव्हती. इतर प्रयोगांत नालोक्झोनने पिलांचे रडणे वाढलेले दिसले. आईच्या उबेने जी तगमग शमते तीच अफूनेही शमते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

ऊसतोडीच्या हंगामात जुन्नर-नाशिककडे फडात बिबट्याची पिले सापडतात. वनखात्याचे लोक आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातले डॉक्टर ती पिले रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाईल याची वाट पाहतात. कुत्र्याच्या पिलांवरचा निष्कर्ष बिबट्याला जसाच्या तसा लावता येत नाही हे मला मान्य आहे. तरीही त्या फडाच्या बांधावर जे होते ते सगळ्या औषधांपेक्षा शहाणपणाचे आहे असे मी ठामपणे म्हणेन.

बिबट्याला अफूकुळातले औषध चालत नाही, मग काय चालते? १९६२ साली दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांत दोन औषधे जन्मली: जर्मनीत झायलेझिन आणि अमेरिकेत केटामिन. दोन्हीही अफूच्या कुळातली नाहीत. झायलेझिन झोप आणते, स्नायू सैल करते. केटामिन जनावराला भोवतालापासून तोडते, पण डोळे उघडे राहतात, अंग ताठ होते. एकाची उणीव दुसरे भरून काढते, म्हणून दोन्ही एकत्र भरतात. झायलेझिनला योहिंबिन आणि ॲटिपामेझोल हे उतारे आहेत. केटामिनला उतारा नाही. घाईने झायलेझिन उतरवले आणि केटामिन अजून अंगात असले, तर बिबट्या ताठरतो, थरथरतो, त्याला झटके येऊ शकतात. इथे घड्याळाकडे पाहत धीर धरणे हेच काम असते.

या बाबतीतला महाराष्ट्राचा अनुभव कागदावर आला आहे. पशुवैद्य अनिरुद्ध बेलसरे आणि विद्या अत्रेय यांनी जानेवारी २००३ ते एप्रिल २००८ या काळात ५५ रानटी बिबट्यांना या जोडीने भूल दिल्याची नोंद २०१० साली एका आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. जनावराच्या वजनाचा अंदाज येत नसेल तर ठरावीक मात्रेने सुरुवात करायची, कमी पडले तर नुसते केटामिन वाढवायचे, अशी त्यांची रीत. त्यानंतर निदान महिनाभर एकाही बिबट्याच्या जिवावर बेतणारा परिणाम दिसला नाही. साधने मोजकी, आणि भोवती आवरता न येणारी गर्दी, अशा परिस्थितीत हे झाले असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.

त्या गर्दीवर थोडे अधिक बोलायला हवे, कारण तिचा औषधाशी थेट संबंध आहे. आरडाओरडा, दगड, मोबाइल उंचावलेले हात, यांनी बिबट्याचे रक्त उसळते. चवताळलेल्या जनावरावर औषध उशिरा चढते, मात्रा अपुरी पडते, दुसरी-तिसरी सुई मारावी लागते. सुई लागल्याबरोबर बिबट्या पडत नाही, मधली काही मिनिटे तो पळू शकतो आणि वाटेत येईल त्याला पंजा मारू शकतो. पुष्कळदा माणसे जखमी होतात ती याच काही मिनिटांत.

आणि भूल अगदी नीट चढली, नीट उतरली, तरी पुढे काय? जुन्नरची कहाणी या प्रश्नाभोवती आहे. मुरबाडमधून माळशेज किंवा नाणेघाट चढला की वर जुन्नर तालुका. तिथे उसाच्या शेतांत बिबटे राहत होते, पिलावत होते. फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात वनखात्याने गावालगत पकडलेले २९ बिबटे शेजारच्या जंगलांत, सरासरी ३९.५ किलोमीटरवर नेऊन सोडले. हेतू चांगला होता. पण माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होत असत ते सतरावर गेले, आणि हल्ल्यात माणूस दगावण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हे आकडे मांडले. अनोळखी मुलखात, पकडापकडीच्या ताणासह सोडलेला बिबट्या तिथे थांबत नाही आणि माणसाशी पहिल्यासारखा वागत नाही, हा त्यातला धडा. त्यासाठी मेलेल्या माणसांच्या घरांनी फार मोठी किंमत मोजली. ती घरे कुठल्याच शोधनिबंधाच्या सारांशात येत नाहीत.

आजोबांचा पट्टा या पार्श्वभूमीवर बांधला गेला. 'प्रोजेक्ट वाघोबा' या नावाने चाललेल्या त्या अभ्यासात वनखाते आणि नॉर्वेतले शास्त्रज्ञ सोबत होते. नावही इथल्याच मातीतले. शहापूर-मुरबाडकडचे महादेव कोळी, ठाकूर, वारली आणि कातकरी वाघबारसेला वाघोबाला नारळ देतात, आणि त्यात माझ्या गुरांना हात लावू नकोस एवढे मागणे असते. तू इथून निघून जा, असे कुणी मागत नाही.

माळशेजहून निघालेला बिबट्या रात्री चाले, दिवसा झुडपांत पडून राही. कसारा स्थानकाजवळ त्याने लोहमार्ग ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला. ज्या थळ घाटाखालून कधीकाळी अफूच्या पेट्या गेल्या, तिथेच हा रस्ता पार झाला. शहापूरचा हा टापू म्हणजे तानसा अभयारण्याचा आणि मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावांचा. तानसा धरण १८९२ चे. पुढे वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून जाऊन, खाडीचे पाणी पोहून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला. सरळ रेषेत मोजले तर ८९ किलोमीटर, ३७ दिवसांत. प्रत्यक्ष चाल त्याहून बरीच मोठी. वाटेत कितीतरी वाड्या-पाडे लागले असतील, कितीतरी माणसे अंगणात झोपलेली असतील. या प्रवासात त्याने कुणा माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. शेवटी त्याने ४२ चौरस किलोमीटरचा आपला मुलूख ठरवला आणि तिथे राहिला.

आपण त्याला झोपवून एका जागी ठेवले, त्याने जागे होऊन स्वतःची जागा निवडली. गुंगीचे औषध तासाभरासाठी जनावराचे शरीर आपल्या ताब्यात देते. ते कुठे राहील, कुणाला घाबरेल, कुठे परतेल हे त्यातल्या एकाही औषधाने ठरत नाही, त्याच्या उताऱ्यानेही नाही. हे मुरबाड-शहापूरच्या वनरक्षकाला बहुधा ठाऊक असते. बिबट्या दिसला की 'पिंजरा लावा, उचलून न्या' म्हणून मोर्चा काढणाऱ्या पुढाऱ्यांना ते ठाऊक करून द्यायला हवे.

डिसेंबर २०११ च्या सुरुवातीला मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. अंगातल्या मायक्रोचिपवरून कळले की ते आजोबा होते.

मुरबाड आणि शहापूरच्या वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या विहिरीत किंवा गोठ्यात बिबट्या सापडला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. विहीर असेल तर वनखात्याची माणसे येईपर्यंत काठावर गर्दी होऊ देऊ नका, लहान मुलांना घरात घ्या, दगड मारू नका, व्हिडिओसाठी पुढे जाऊ नका. इंजेक्शन द्यायचे की शिडी सोडून त्याला रात्री आपल्या वाटेने जाऊ द्यायचे, हा निर्णय पशुवैद्याला शांतपणे घेऊ द्या.